एक भिंग, एक रीत, एक वर्ष

बाय,

काल रात्री तू पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. तळहातावर मावेल एवढी पितळी नळी, दोन्ही तोंडांना काच, कडेला हिरवट कळा आणि काचेवर तुझ्या अंगठ्याचा ठसा. डिचोलीतला एक जुना स्टुडिओ बंद झाला, सामान भंगारात निघालं आणि त्यातून तू ही लेन्स उचलून आणलीस. खाली एकच ओळ लिहिलीस, "ताई, आता हिचं काय करू?"

आत्ता तरी काहीच करू नकोस. मऊ सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेव आणि मी लिहितेय ते शांतपणे वाच. या नादात मला आता बरीच वर्षं झाली. ज्या चुका मी केल्या त्या तुझ्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी हे हितगुज.

पहिली गोष्ट, ती काच ओढणीने पुसू नकोस. तुझ्या गावच्या हवेत खाणीची लाल धूळ असते. ती लोहखनिजाची पूड, काचेवर घासली की बारीक ओरखडे उठतात आणि ते कायमचे. आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडव, मग मऊ ब्रश फिरव. तरीही डाग राहिला तर मऊ कापडाच्या टोकाला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मधून बाहेर गोल गोल हलक्या हाताने पूस. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती पाहून मन घाबरतं, लगेच धुऊन काढावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. माझी पहिली पितळी लेन्स मी साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की जुन्या लेन्समध्ये दोन काचा कॅनडा बाल्समने, म्हणजे एका झाडाच्या चिकाने, एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि उष्णतेने तो चीक सुटतो. तासाभरात त्या काचेत इंद्रधनुष्यासारखे डाग पसरले. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातून एका दुपारी गेली. ती लेन्स अजून माझ्या कपाटात आहे. तिच्याकडे पाहिलं की घाईला आळा बसतो.

संध्याकाळी दिवे लागले की एक कर. खोलीत एकच बल्ब ठेव, लेन्सचा पुढचा भाग त्याच्यासमोर तिरका धर आणि काचेत बल्बची प्रतिबिंबं मोज. दोन ठळक आणि त्यांच्यामध्ये एक अगदी पुसट दिसलं, तर त्या दोन काचा चिकटवलेल्या आहेत. आता मागची बाजू तशीच धर. तिथे चार ठळक प्रतिबिंबं दिसली, तर त्या दोन काचा सुट्या आहेत, मध्ये हवा आहे. पुढे चिकटलेली जोडी आणि मागे सुटी जोडी अशी बांधणी निघाली, तर बाय, तुझ्या हातात पेट्झवालच्या रचनेची लेन्स आहे.

जोसेफ पेट्झवाल हा व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक. १८४० मध्ये त्याने ही रचना कागदावर आकडेमोड करून काढली आणि फोक्टलेंडरच्या कारखान्याने ती घडवली. त्याआधीच्या लेन्स इतक्या मंद होत्या की चेहऱ्याचं चित्र काढायचं तर माणसाला कित्येक मिनिटं उन्हात मान न हलवता बसावं लागे. पेट्झवालच्या लेन्सने कितीतरी जास्त उजेड आत घेतला आणि माणसाची सुटका झाली. तिचं चित्र मधोमध धारदार असतं, आणि कडेला जाता जाता मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात.

नळीच्या पाठीवर एक आडवी फट आहे का तेही बघ. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउस याने भोक पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या लेन्सच्या मध्ये सरकवायची युक्ती काढली. मोठ्या भोकाची पट्टी घातली की जास्त उजेड, लहान भोकाची घातली की कमी. फट असेल तर तुझी लेन्स त्यानंतरची. पट्ट्या बहुतेक हरवलेल्या असतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, जाड काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या आपण करू.

आता थोडं मनातलं. घरात कुणीतरी म्हणेलच, मोबाइलमध्ये एका बोटाने फोटो निघतो, मग हे काय खूळ? कुणी म्हणेल, ही साहेबांची हौस, आपल्याला काय करायची? असं कुणी म्हणालं की तू त्यांना आमच्या पेडण्यातल्या मांद्र्याचं नाव सांग.

डॉ. भाऊ दाजी लाड या मांद्र्याचे. लहानपणीच मुंबईला गेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये शिकून डॉक्टर झाले, शिलालेख वाचले, महारोगावर उपचार शोधत राहिले. आज मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे, ते आपल्याला ठाऊक असतं. मात्र १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली, तेव्हा भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्या कामात होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. नारायण दाजींनी तर छायाचित्रणात नाव कमावलं. त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची, बाजारातली साधी माणसं कॅमेऱ्यासमोर बसवली. सोसायटीनंतर वर्षभराने एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित छायाचित्रकार झाले. फोटोग्राफीची विद्या जगासमोर आली १८३९ मध्ये. म्हणजे ती जेमतेम पंधरा वर्षांची होती, तेव्हा आपल्या मातीतली माणसं तिच्यात हात काळे करत होती. डॉक्टरी सांभाळून, हौसेने. हौशी या शब्दाची लाज वाटून घेऊ नकोस, तो मोठ्या माणसांकडून आलेला शब्द आहे.

त्या काळात मुंबईच्या उकाड्यात फोटो काढणं म्हणजे काय होतं, हेही तुला कळायला हवं. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची रीत दिली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. साधारण दहा मिनिटांत सगळं आटपायचं, आणि आपल्याकडच्या उन्हात तीही पुरी मिळत नाहीत. या रीतीचे व्हिडिओ तू पाहिले असशील आणि तुला तेच करायचं असेल, मला माहीत आहे. पण आत्ता नको. त्यात इथर लागतं, ते ठिणगीने पेट घेतं. जुन्या पद्धतीत पोटॅशियम सायनाइडही वापरत. हे एकट्याने आणि घरात करायचं काम नाही. आपल्या गोव्यातच गोवा सेंटर फॉर अल्टरनेटिव्ह फोटोग्राफीसारख्या संस्थेने या जुन्या रीती जोपासल्या आहेत. पुढे कधी जाणत्या माणसाच्या शेजारी उभी राहून शीक. पहिलं वर्ष आपण निळ्यापासून सुरू करू.

निळं म्हणजे सायनोटाइप. जॉन हर्शेलने ही रीत १८४२ मध्ये शोधली. दोन पुड्या लागतात, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. शंभर मिलिलिटर पाण्यात पहिली २५ ग्रॅम, दुसऱ्या शंभर मिलिलिटरमध्ये दुसरी १० ग्रॅम. दोन वेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेव आणि लागेल तेवढंच समसमान मिसळ. दुसऱ्या पुडीच्या नावामुळे दचकू नकोस, नीट हाताळलं तर ती धोक्याची नाही. मात्र संडास धुवायच्या ॲसिडसारखं तीव्र काही तिच्या आसपास येऊ देऊ नकोस आणि ती तापवू नकोस. सायंकाळी मंद पिवळ्या दिव्यात चित्रकलेच्या जाड कागदावर रुंद ब्रशने लाव आणि अंधारात वाळव.

यासाठी लेन्सही लागत नाही आणि कॅमेराही. कागदावर पान ठेव, वर काच ठेव, उन्हात ने. ॲना ॲटकिन्स या बाईने १८४३ पासून असेच समुद्रातल्या शेवाळांचे ठसे घेऊन पुस्तक केलं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. तिच्याकडे शेवाळं होती. आपल्याकडे चवथीला गणपतीच्या वर रानफळांनी, पानांनी सजवायची माटोळी आहे.

चवथ झाली, गणपती पोचवला आणि माटोळी उतरवली, की रानातून आणलेलं ते सगळं धन आपण काय करतो? बहुतेक वेळा टाकून देतो. यंदा टाकू नकोस. सुपारीच्या शिपट्याची एक काडी, कवंडळाचा वेल, कांगलीची डहाळी, आंबाड्याचं पान, सगळं दोन दिवस जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेव. जाड फळाची सावली कागदावर अंधुक पडते, दाबलेल्या पानाची मात्र शीर न् शीर उमटते. भाद्रपदातलं ऊन लपंडाव खेळतं, म्हणून पाऊण तासही लागेल. एप्रिलच्या भर दुपारी हेच काम आमच्या अंगणात दहा मिनिटांत होतं. घड्याळापेक्षा कागदाकडे लक्ष ठेव. लावला तेव्हा तो हिरवट पिवळा असतो, मग निळसर होतो आणि शेवटी उघडा भाग राखेसारखा करडा पडतो. करडा पडला की उचल आणि पाण्यात सोड.

ती पहिली बुडी तू एकटीने घेऊ नकोस, आईला बोलाव. पाण्यात पिवळं विरघळून जाताना खालून निळं वर येतं आणि मधोमध पान पांढरं उरतं. आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला हे कळायला पुस्तक लागत नाही. तिने कपड्यांना नीळ घातलेली असते, रांगोळी काढलेली असते, वाळवणं राखलेली असतात. ऊन, पाणी आणि वेळ यांचा हिशेब तिच्या हातात आधीपासून असतो. पाण्यात लिंबाचे चार थेंब टाक, निळं खुलतं. सोडा किंवा साबण लागू देऊ नकोस, त्याने ते उडतं. निळा रंग डोळ्यांना झोंबतोय वाटला तर बिनदुधाच्या कडक चहात बुडव, काळसर होईल. आणि भिंतीवर लावलेलं चित्र उन्हाने फिकं झालं तर काही दिवस अंधारात ठेव, रंग पुष्कळसा परत येतो.

असे तीस-चाळीस कागद झाले, हात बसला, की दुसरी पायरी. ती चढायला तुला माझ्याकडे यायला हवं, कारण तिचं मूळ सामान पेडण्यात आहे.

शापोरा नदीच्या काठी आगरवाडा आहे ना, तिथली मिठागरं तू बसमधून पाहिली असशील. हेन्री फॉक्स टॅलबॉटने १८३०च्या दशकात कागदावर चित्र उमटवलं ते मिठाच्या जोरावर. कागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, वर सिल्व्हर नायट्रेट लावायचं. दोघांचा संयोग होऊन कागदाच्या अंगातच सिल्व्हर क्लोराइड तयार होतं आणि ते उन्हाने काळवंडतं. पुस्तकं सांगतात, आयोडीन न घातलेलं मीठ घ्या. लोक ते परगावाहून मागवतात. आपल्या दारात ते ढिगाने पडलेलं असतं, जाडं, करडं, चिखलाच्या वासाचं. लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम घे, कापडातून दोनदा गाळून घे आणि थोडं जिलेटिन विरघळव, म्हणजे चित्र कागदात खोल न बुडता वर राहतं. वाळलेल्या कागदावर मंद उजेडात बारा टक्के सिल्व्हर नायट्रेट लाव. ते डिस्टिल्ड पाण्यातच कर. नळाचं पाणी वापरलंस तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण दुधासारखं पांढरं होईल आणि चांदी वाया जाईल. महाग आहे गं ती.

गेल्या एप्रिलमध्ये मी आगरवाड्याच्या एका मिठागरात गेले होते. तिथे एक साठीतले काका लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होते. त्यांना विचारलं, तुमचा फोटो काढू का, आणि तुमच्याच ढिगातलं मूठभर मीठ नेऊ का? मीठ ने म्हणाले, फोटोचं मात्र दोन दिवसांनी बघू. तिसऱ्या दिवशी मी परत गेले तेव्हा स्वच्छ सदरा घालून आले होते. माडाच्या सावलीत त्यांना उभं केलं, पुठ्ठ्याच्या पेटीला माझी आताची पितळी लेन्स लावली आणि टोपण काढून दोन आकडे मोजले. घरी येऊन कागदी निगेटिव्ह धुतलं आणि त्यांच्या मिठात भिजवलेल्या कागदावर ते ठेवून उन्हात धरलं. चित्र विटकरी रंगाचं उमटलं. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, ते पिवळट पडलं, वाळल्यावर पुन्हा गडद तपकिरी झालं. आठवड्याने त्यांना नेऊन दिलं. त्यांनी चेहरा पाहिलाच नाही आधी. अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर फिरवून खडा लागतो का ते बघितलं. मग विचारलं, "हें म्हज्या मिठाचें?" मी हो म्हटलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, पाऊस आला की इथलं सगळं पाण्याखाली जातं, हे बरं राहिलं.

बाय, तुला मी हे सगळं का सांगतेय ते या एका वाक्यात आहे.

आता ती पेटी. लेन्स भिंतीसमोर धर, समोरचा लांबचा माड भिंतीवर उलटा, स्वच्छ दिसेपर्यंत पुढेमागे कर आणि नळीच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोज. तेच तिचं नाभीय अंतर. तेवढ्या खोलीच्या दोन पुठ्ठ्याच्या पेट्या कर, एक दुसरीत सरकणारी. पुढे लेन्स, मागे ट्रेसिंग पेपर. डोक्यावर काळं कापड घेऊन बघ. डिचोलीचा सगळा बाजार उलटा होऊन तुझ्यासमोर हलताना दिसेल. त्या ट्रेसिंग पेपरच्या जागी अंधारात ब्रोमाइड कागद, म्हणजे फोटो छापायचा कागद, लाव, की निगेटिव्ह मिळतं. न्हाणीघरात लाल दिवा लावून ते धुता येतं. हा कागद मंद असतो खरा, तरी पेट्झवालची पूर्ण उघडी लेन्स उन्हात त्याला जाळून टाकेल. म्हणून सावलीत काम कर आणि फटीत पट्टी घाल. नाभीय अंतर वीस सेंटिमीटर असेल तर सव्वा सेंटिमीटरचं भोक पुरे. मग टोपणानेच उघडझाप करता येते. उघडलं, एक, दोन, बंद. पानं फिरवणारी गंमत या पट्टीने कमी होईल, होऊ दे. मी पहिले सहा महिने फक्त ती गरगर काढली. नंतर तो सगळा गठ्ठा समोर घेऊन बसले, तेव्हा कुणाच्याही चेहऱ्यावर माझी नजर ठरली नव्हती हे लक्षात आलं.

एक जुनी गोष्ट सांगते, ती नीट ऐक, कारण ती माणसांची आहे. जुन्या रीतींना आणि ब्रोमाइड कागदाला निळा उजेड दिसतो, लाल दिसत नाही. म्हणून आपला चिऱ्याचा गडगा काळाकुट्ट येतो, तांबडी माती शाईसारखी येते आणि निळं आभाळ कोरं पांढरं येतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोंत ढग का नसतात, तर म्हणून. माणसाच्या कातडीतही तांबूस छटा असते, त्यामुळे चेहरा आहे त्यापेक्षा सावळा आणि सुरकुतलेला दिसतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी मावशीचा फोटो काढला आणि काही न सांगता तिच्या हातात दिला. तिचं कुंकू कोळशासारखं आलं होतं. गालावरचे वांग, जे आपल्याला रोज दिसतही नाहीत, ते सगळे वर आले होते. तिने फोटो पालथा करून टेबलावर ठेवला आणि उठून चहा टाकायला गेली. ती कधीच काही बोलली नाही. पण त्यानंतर मी कॅमेरा काढला की ती आत जाते.

म्हणून माणूस समोर बसायच्या आधी त्याला सांग, हा कागद लाल बघू शकत नाही, तुम्ही यात वेगळे दिसाल. एखादा जुना नमुना दाखव. मग त्याने हो म्हटलं तरच टोपण काढ. आणि प्रत्येकाला त्याची प्रत दे. देवळात गेलीस तर विचारून, गाभाऱ्याकडे लेन्स न वळवता काढ. दगडाला सुरुवातीला जास्त वेळ दे, तो हलत नाही आणि रागावतही नाही. तुझ्या तालुक्यात नार्व्याचं सप्तकोटेश्वर आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ते देऊळ पुन्हा उभारायला लावलं. त्याच्या दीपस्तंभावर सकाळचं ऊन तिरकं पडतं तेव्हा जा. हरवळ्याच्या धबधब्याला पाऊस ओसरल्यावर जा, टोपण दहा आकडे उघडं ठेवलंस तर पाणी कापसासारखं उतरेल आणि कातळ जागच्या जागी राहील. आणि मग, हात स्थिर झाला की, डिचोलीच्या कुंभारवाड्यात जा. फिरतं चाक धूसर येईल आणि चाकावरचे हात जर त्यांनी क्षणभर थांबवले, तर ते स्पष्ट येतील.

घरातले नियम सांगते, यात हयगय नको. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटाला लागला तर डाग काळा पडतो, आठवडाभर जात नाही, तेवढं चालेल. डोळ्यात गेला तर मात्र दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. स्वयंपाकाचं एकही भांडं, गाळणं, चमचा या कामात आणायचा नाही, आणि आणला तर तो परत स्वयंपाकघरात जायचा नाही. प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख. शेजारची मुलं येतात तुझ्याकडे, कपाटाला कुलूप लाव. वापरलेला हायपो विहिरीच्या आसपास, शेतात, माडाच्या आळ्यात ओतायचा नाही. कॅनमध्ये साठव, त्यात विरघळलेली चांदी काढून घेणारे लोक असतात. आणि ती लेन्स उघडी ठेवून उन्हातून उठून जाऊ नकोस. भिंगच आहे ते, सुकं गवत पेटवायला त्याला वेळ लागत नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद वाळत नाही आणि काचेला बुरशी धरते. लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नकोस, चामडं दमट हवा धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव, पुड्यांचा रंग बदलला की वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर हलक्या गरम करून पुन्हा घाल. पंधरवड्याने एकदा लेन्स बाहेर काढून खिडकीच्या उजेडात हवा दाखव. पावसाळा हा वही भरायचा काळ.

हो, वही. दोनशे पानी घे. दर कागदामागे तारीख, वेळ, ऊन कसं होतं, किती मिनिटं, कुठलं पाणी, काय बिघडलं, एवढं लिही. बिघडलेला कागद फाडू नकोस, मागे पेन्सिलने कारण लिहून ठेव. माझ्या वहीत एक पान असं आहे: "१२ मार्च. पूर्ण काळा. लावताना दार उघडं राहिलं होतं." त्या ओळीने पुढचे कितीतरी कागद वाचवले.

पैशांचंही बोलू. निळ्याच्या दोन पुड्यांत शेकड्याने कागद होतात, तो खर्च तुझ्या पगारातून सहज निघेल. चांदी महाग, म्हणून ती नंतर. आणि दुसरी लेन्स आता घेऊ नकोस. हा नाद गोळा करण्याकडे फार लवकर वळतो. रशियन घे, जर्मन घे, हिची गरगर, तिचे बुडबुडे. कपाट भरतं आणि वही कोरी राहते. एक भिंग, एक रीत, एक वर्ष. वर्षभर एकीशीच राहिलीस तर तिचा स्वभाव कळेल. सकाळी ती कशी बघते, मळभ आलं की कशी, जवळच्या चेहऱ्यापाशी तिची धार कुठून सुटायला लागते. आईला जसं चुलीवरच्या भातात किती पाणी घालायचं ते मोजावं लागत नाही, तसं तुला होईल.

जानेवारीत मिठागरांत पाणी आटायला लागतं आणि पहिलं मीठ धरतं. तेव्हा रजा काढून दोन दिवस ये. तुझी लेन्स, वही आणि चवथीचे निळे कागद आण, बिघडलेले आधी दाखव. सकाळी आपण आगरवाड्याला जाऊ. काकांना मी सांगून ठेवलंय की माझी धाकटी बहीण येणार आहे. ते म्हणाले, येऊ दे, मीठ नवं असेल.

तुझी,
ताई